त्या तोंडाचा हेवा

आसेगाव,
१६ जानेवारी २०२५

निते,

इतक्यांदा व्हिडिओ कॉल लावला, तू दरवेळी कापला. मंग मीबी ठरवलं, आता फोन करायचाच नाही. करणदादा नोकरीच्या मुलाखतीसाठी पुण्याले चाल्ला, त्याच्या हाती हे पत्र देऊन राह्यली. एका अर्थी बरंच झालं. कागदावर तुहं तोंड दिसत नाही, अन् मले सध्या ते पाह्यचंच नाही.

काहून, ते आईक. परवा मले पाह्यले मेडशीचे पाहुणे आले होते. पोरगा हरीओम. त्याचं बियाण्या-खताचं दुकान आहे, गोत जुळलं होतं, बाबा तर मनातून लगन लावूनच बसले होते. मी पोहे घेऊन बाहेर गेली. त्यानं मले एक नजर पाह्यलं अन् खिशातून मोबाईल काढला. मले वाटलं कोणाचा फोन आला असंन. तर त्यानं तुहा व्हिडिओ लावला. निळ्या साडीतला, केस उडवतेस तो. अन् बाबाले विचारलं, "ही तुमच्याच घरातली ना?"

आई लगेच खुशीत. "हो ना, माह्या जमनाची पोरगी. दोघी मावसबहिणी, एकाच वर्षातल्या."

त्याच्या आईनं तो मोबाईल घेतला अन् माह्या हातापाशी धरला. दुकानात ब्लाउजपीस साडीले लावून पाह्यतात ना, तसा. म्हणे, "बहिणी-बहिणीत एवढा फरक काहून वो?"

मी हात मागं नाही घेतला. घ्यायला पाह्यजे होता.

दुसऱ्या दिवशी निरोप आला. पोरगी कामाची आहे, पण रंगानं दबली अन् आंगानं भरली.

निते, आपण एकाच वावरात निंदण केलं, एकाच उन्हात भाजलो. तू काय माह्यापेक्षा उजळ होती? अन् आता तांड्यावर ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये तू. जमना मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याले थांबवून दाखवते. माही सख्खी आईबी जेवता जेवता तुलेच पाह्यते. मी जळून राह्यली, लपवत नाही. तू तोंडाले काय लावतेस, काय खातेस, काय सोडलं, सगळं लिहून पाठव. माह्यापासून तू आजवर काही लपवलं नाही.

मंजू

*

पुणे,
२५ जानेवारी २०२५

प्रिय मंजू,

तुझं पत्र मिळालं. करणदादाला म्हणावं, राग मानू नकोस. घरात फार पसारा होता म्हणून आत बोलावता आलं नाही, दारातूनच पत्र घेतलं.

तो हरीओम मूर्ख आहे आणि त्याची आई त्याहून मूर्ख. अशा घरात तू गेली नाहीस हे चांगलंच झालं. तू छान दिसतेस, पहिल्यापासून छान दिसतेस, उगाच काहीतरी मनात घेऊ नकोस.

मी काही विशेष करत नाही गं. भरपूर पाणी पी. उन्हात जाऊ नकोस. तेलकट कमी खा. पुण्याची हवाच अशी आहे, माणूस आपोआप उजळतो. व्हिडिओत लाइटपण असतो, त्याचाही फरक पडतो.

कपड्यांच्या शोरूममधलं काम मी सोडलं. आता सगळं घरूनच करते. फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस, कामाच्या वेळा विचित्र असतात. आईला सांग, यंदा होळीला येणं जमणार नाही. तिला नीट समजावून सांग, ती तुझं ऐकते.

तू पत्र लिहिलंस ते मला फार आवडलं. यापुढे पत्रच लिहीत जा.

तुझी
निता

*

आसेगाव,
२ फेब्रुवारी २०२५

निताबाई,

"करत नाही गं." आता तुले "गं" बी लागलं! आपल्याकडचं "वं" कोठी सांडवलं? पुण्याच्या हवेनं रंग उजळते अन् जीभबी बदलते वाटते.

उन्हात जाऊ नको म्हणते. तूर कोण सोंगीन? तू येतेस का व्हिडिओ काढत काढत? अन् पाणी पी म्हणे. पाणी पिऊन माणूस उजळला असता तर आपल्या तांड्यावरच्या म्हशी पांढऱ्या झाल्या असत्या.

तू सांगत नाहीस म्हणून मीच सुरू केलं. भाकर सोडली. सकाळी गरम पाणी अन् लिंबू, दुपारी उलीसं वरण. मोबाईलमधल्या बाया जे सांगतात ते सगळं. शुक्रवारी तुरीच्या पेंड्या बांधता बांधता डोळ्यापुढं अंधारी आली, वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, बसली तं उठताच येईना. सोबतच्या बाया म्हणे, "कायचा उपास व्हय वं?" मी म्हटलं, गुरुवारचा. शुक्रवारी गुरुवारचा उपास! त्या हसल्या.

तुले एक सांगू? त्या बायांच्या कमरा पाहून पाहून आता मले आपले लोक बरोबर दिसतच नाहीत. परवा आई न्हाऊन आली, पदर बाजूला होता, तिचं पोट पाह्यलं अन् मनात आलं, शी, मलेबी हेच भेटणार. ज्या पोटातून मी आली त्याचा मले राग आला. हे कोणाले सांगायचं?

तुले तं सांगून उपेग नाही. तुले वाटते मंजी अशीच राहावी, तिच्यापाशी उभी राह्यली का निता अजून गोरी दिसते.

म्हणून मी एक काम केलं. हरीओमच्या घरी निरोप धाडला, का मोबाईलमधलीच पाह्यजे असंन तर मोबाईलमधलीलेच जाऊन पाहा. दादाकडून तुहा पत्ता घेऊन त्यायले देऊन टाकला. ते येत्या रविवारी पुण्याले येऊन राह्यले. घरात कोणाले माईत नाही.

कर लगन त्याच्यासोबत. मी वरातीत नाचीन.

मंजू

*

पुणे,
१७ फेब्रुवारी २०२५

मंजे,

ते आले होते.

मी दुपारची पडली होती. दार वाजलं, मले वाटलं पाण्याच्या बाटलीवाला असंन. दार उघडताना मी नेहमी ओढणीनं तोंड बांधते, तसं बांधलं अन् उघडलं. समोर एक बाई अन् एक पोरगा. हातात पेढ्याचा बॉक्स. बाई बोलली तशी मी ओळखलं का आपल्याकडची आहे. किती महिन्यांनी ते बोलणं आईकलं. मले तं तिच्या गळ्यातच पडावं वाटलं.

ती म्हणे, "निताताई अठीच राहतात ना?"

मी ओढणी अजून घट्ट धरली. मंग त्या पोरानं मोबाईल काढला अन् माह्यासमोर धरला. "ह्या. ह्या मॅडम. त्यायले बलाव ना जरा."

निळ्या साडीतला व्हिडिओ. माहंच तोंड, मंजे. अन् तो मलेच विचारून राह्यला, हे कोठी आहे.

मी म्हटलं, "मॅडम गावाले गेल्या."

बाई हळहळली. पेढे माह्या हाती देले. म्हणे, "तुह्या मालकीणले सांग, मेडशीचे आले होते. अन् तू तोंड काहून बांधलं वं, दात दुखते का?" मी मान हालवली. ते गेले. पेढे मी खाल्ले, सगळे, उभ्यानंच. व्हिडिओत बारीक दिसावं म्हणून अडीच वर्षांत पोटभर काही खाल्लं नव्हतं.

आता लपवण्यात काही राह्यलं नाही, म्हणून लिहिते.

शोरूममध्ये असताना मी व्हिडिओ टाकाले लागली, ते चालले. मंग एका माणसानं फोन केला. त्याची क्रीम आहे, बिननावाच्या पांढऱ्या डबीत येते, वर फक्त गुलाबाचं चित्र. म्हणे, लावा अन् लोकायले दाखवा. मी लावली. पंधरा दिवसात मीच मले ओळखली नाही. आरशापुढून हटवत नव्हतं. आई रडली होती फोनवर, एवढी सुंदर दिसते म्हणून. मी त्या डबीचे किती व्हिडिओ केले, आता आठवतबी नाही.

मंग तोंड जळाले लागलं. डबी नाही लावली तं लाल व्हायचं, लावली तं शांत व्हायचं. म्हणून लावतच राह्यली. चामडी कांद्याच्या सालासारखी पातळ झाली, आतल्या बारीक शिरा दिसतात. गालावर केस आले, पोरायले येतात तसे. पुरळ तं सगळीकडं. डॉक्टरीण म्हणे, यात स्टिरॉइड आहे, हे तोंडाले लावायचं औषधच नाही. आता बंद केली, म्हणून रोज आग होते. ऊन सहन होत नाही, गॅसपाशी उभं राहवत नाही. दिवसा पडदे लावून बसते. शोरूमवाल्यानं एक महिना पाह्यलं अन् म्हणे, बरी झाली का ये. तू जे व्हिडिओ पाह्यते ते मागच्या वर्षीचे आहेत, थोडे थोडे करून टाकते. काही नवे आहेत, ते मोबाईलच्या फिल्टरनं केलेले. त्यात मी नाहीच.

तू म्हणते तू माह्यावर जळते. मंजे, मीबी तिच्यावरच जळते. ते निळ्या साडीतली. लोक तिले लिहितात, किती गोड, किती नाजूक. मी अंधारात बसून वाचते अन् मले वाटते मोबाईल भिंतीवर फेकून मारावा.

अन् एक गोष्ट, जे लिहू नये पण लिहिते. तू क्रीमचं नाव विचारलं तवा मी नाव दाबलं, ते सगळं तुह्या भल्यासाठी नव्हतं. पहिल्या दिवशी मनात आलं होतं, सांगून टाकावं. लाव म्हणावं. तुहंबी असंच होऊ दे. तू उन्हात तूर सोंगते, मायच्या हातची भाकर खाते, अन् वर मलेच सुखी समजून पत्र लिहिते. मले तुहा इतका राग आला. मंग पाणी पी, असं लिहिलं. एवढीच मी चांगली.

आईले यातलं काही सांगू नको.

निता

*

आसेगाव,
२६ फेब्रुवारी २०२५

निते,

तुहं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. तुले काय लिहावं कळत नाही, म्हणून जे झालं तेच लिहिते.

तुह्या व्हिडिओतली ते गुलाबाची डबी मले शेलूबाजारच्या बाजारात भेटली. मागचं पत्र तुले टाकलं, त्याच हप्त्यात. बांगड्याच्या दुकानात, तुहाच फोटो कागदावर छापून वर लावलेला. आपल्या तांड्यावरच्या मंदी अन् ललीबी घेऊन गेल्या, "आपल्या निताची क्रीम" म्हणून.

मी तवापासून लावून राह्यली. अन् निते, तोंड उजळलं. खोटं नाही सांगत. जमना मावशी दारात आली अन् म्हणे, "अवो माय, हे तं माही निताच उभी!" आईनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बाबा, जे कधी बोलत नाहीत, ते म्हणे पोरगी हुशारीत दिसते.

अन् आईक. मंगळवारी बाजारात हरीओम होता, फवारणीच्या औषधाच्या गाडीपाशी. मले पाह्यलं, पुन्हा वळून पाह्यलं. पुण्याहून आला तवा त्यानं मले निरोप देला होता का तुमची निता भेटली नाही, कामवालीनं दार उघडलं. मी मनात म्हटलं होतं, पाहा, कामवाली ठेवली! आता त्याच्या आईचा फोन आला. होळीच्या आधीच्या रविवारी पुन्हा येतो म्हणे, पोरीले नीट पाह्यलंच नव्हतं.

आता तू लिहिते का हे जहर आहे. अन् त्याच पत्रात लिहिते का माहं तोंड बिघडावं असं तुले वाटलं होतं. मंग मी कोणत्या नितावर भरोसा ठेवू? कामवाली तूच होती, हे तरी खरं कायवरून? जवा सारा तांडा तुलेच पाह्यत होता तवा तू सांगितलं, पाणी पी. आता उलीसं माह्याकडं पाह्यतात तं तू म्हणते, बंद कर. तुले हे खुपून राह्यलं, असं मले वाटलं तं माहं काय चुकलं?

मले आग गिग काही होत नाही. फक्त दुपारी गाल जरा चुरचुरतात.

मंजू

*

पुणे,
४ मार्च २०२५

मंजे,

वाद घालत नाही. सोबत फोटो आहे. तो पाहा.

स्टुडिओत जाऊन काढला. मोबाईलनं काढला असता तं तू म्हणाली असती, हाबी फिल्टर. ओढणी सोडली तसा तो फोटोवाला उठून उभा राह्यला. मंग म्हणे, "ताई, काळजी करू नका, टच करून देतो, एक डाग राहणार नाही." मी म्हटलं, जसं आहे तसंच पाह्यजे. त्याले समजेना. म्हणे, लोक आम्हाला नावं ठेवतील. पहिला फोटो त्यानं पुसूनच आणला, निस्तं वाटाण्यासारखं गुळगुळीत तोंड. मी परत केला. मंग भांडून हा घेतला.

गाल चुरचुरतात म्हणतेस, माही सुरुवात तशीच होती. डबी घेऊन वाशिमले चामडीच्या डॉक्टरले दाखव. स्वतःच्या मनानं काही करू नको. मंदी अन् ललीलेबी सांग.

मी माहे सगळे व्हिडिओ काढून टाकले. पण त्या माणसापाशी आहेत, तो टाकतच राहते. फोन केला तं म्हणे, "मॅडम, तो चेहरा आता कंपनीचा आहे." ते तोंड अजून हिंडून राह्यलं, मंजे. माह्या हातात नाही.

फोटो आईले दाखवू नको. तू पाह्यला का बस.

निता

*

आसेगाव,
२० मार्च २०२५

निते,

फोटो पाहुणे येण्याच्या दोन दिवस पहिले भेटला. माह्या हातून तो दोघायले दाखवला गेला, हे पहिलेच सांगते, मंग शिव्या दे.

पाकीट फोडलं तवा मी एकटी होती. तुहं तोंड पाह्यलं अन् खरं सांगू? पहिले मले बरं वाटलं. उलीसं, पण वाटलं. आतून कोणीतरी म्हणालं, घे, झाली आता बरोबरी. मंग फोटो जवळ घेतला. तुह्या डोळ्याखालची चामडी पाह्यली अन् मी तठीच ओट्यावर बसून ओरडून रडली. तू लिहिलं होतं ना, लिहू नये ते. हे माहं.

डबी त्या दिवसापासून लावली नाही. रविवारपर्यंत तोंड लालबुंद, जसं कोणी पालथ्या हातानं मारलं. आई घाबरली. कपाटातून डबी काढून आणली अन् म्हणे, "बाई, आजच्या दिवस लाव. एका दिवसाचा सवाल आहे. त्यायले हो म्हणू दे, मंग पाह्यजे तं फेकून दे." तिनं बोटावर क्रीम घेतलीबी. मी तोंड फिरवलं. तरी ती मागं मागं. मंग मी तिच्यासमोर तुहा फोटो धरला.

म्हणे, "कोण व्हय हे? कोणाले भाजलं?"

मी म्हटलं, "तुह्या जमनाची पोरगी."

आई खाली बसली. बोटावरची क्रीम पदराले पुसली. पाहुणे दारात येईस्तोवर ती उठली नाही.

मी तशीच बाहेर गेली. हरीओमची आई पाह्यतच राह्यली. "हे काय झालं वो? बाजारात तं चांगली उजळ होती म्हणे." बाबा काहीतरी सांगाले लागले, उन्हाचं, पित्ताचं. हरीओम खाली मान घालून मोबाईल चाळत होता. मले काय झालं माईत नाही. मी ट्रे ठेवला अन् त्याच्या मोबाईलवर तुहा फोटो ठेवला.

"तुमी हिलेच पाह्यले पुण्याले गेले होते. दार हिनंच उघडलं होतं."

त्याचा रंग उतरला. तो म्हणे, "आमाले वाटलं कामवाली..." त्याची आई फोटो घेऊन उजेडाकडं गेली, खूप वेळ पाह्यला. मले वाटलं काहीतरी बोलंन. ती म्हणे, "चाल बाबू, उशीर होते." पोह्याले हातबी नाही लावला.

बाबा चार दिवस माह्याशी बोलले नाहीत. अन् मी काही लय धीराची नाही, हे ध्यानात ठेव. ते गेले तवा मले वाईट वाटलं. मले ते घर पाह्यजे होतं. अजूनबी वाटते, ते एखादा हप्ता पहिले आले असते तं जमलं असतं.

वाशिमच्या डॉक्टरनं तपासलं. म्हणे, लवकर आली, सुधरंन, पण दिवस लागतीन. लली सोबत होती. मंदी आईकत नाही. ती म्हणते, मंजीचं मोडलं म्हणून ती दुसऱ्याचं पाहू शकत नाही. असंच मी तुले लिहिलं होतं. रोज तिच्या दारी जाते. उद्याबी जाईन.

आता मावशीचं. माही आई गेली तिच्याकडं फोटो घेऊन, मी थांबवत होती तरी. मावशी रडली नाही. फोटो मांडीवर ठेवून बसली. होळीची लेंगी-गाणी म्हणणारे दारात आले, त्यायलेबी काही देलं नाही. मंग मले बलावलं अन् म्हणे, "तिनं माह्यापासून काहून लपवलं वं?" मी म्हटलं, "तू सगळ्यायले दाखवत होती ना मावशी, म्हणून." मले असं बोलाले नको होतं. ती उठली, मधली खोली रिकामी केली, खिडकीले जाड गोधडी ठोकली अन् म्हणे, लिही तिले.

म्हणून लिहून राह्यली. ये. रातराणी बसनं नको, ते सकाळी उन्हाचं उतरवते. दुपारनंतर वाशिमले उतर, तठून संध्याकाळची एसटी धर. फाट्यावर मी राहीन.

तांड्यावरचे पाह्यतीन, बोलतीन. त्यायले काय सांगायचं ते तू आल्यावर ठरवू. अन् माहा तुह्यावरचा राग गेला नाही, तुहाबी गेला नसंन. तो कागदावर मावत नाही. समोरासमोर भांडू, पोटभर जेवून भांडू.

तुही वाट पाह्यणारी,
मंजी